फुकट घ्या म्हटलं तरी कुणी घेईना

ताई, सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. २००७ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन ओरलँडोला गेलो होतो. हॉटेलच्या लॉबीत एका गोड मुलीने सांगितलं, उद्या सकाळी नाश्त्याला या, दीड तास आमचं रिसॉर्ट बघा, थीम पार्कची चार तिकिटं फुकट. दीड तासाचे साडेचार तास झाले. मुलं रडकुंडीला आली होती. बाहेर पडलो तेव्हा दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला दरवर्षीचा एक आठवडा आमच्या नावावर झाला होता, टाइमशेअर म्हणतात तो, १७,५०० डॉलरला. कर्ज फिटायला दहा वर्षं लागली. पहिल्या वर्षीचा मेंटेनन्स ६४० डॉलर होता. अठरा वर्षांनी, यंदाचं बिल १,४८० डॉलरचं आलंय. आम्ही सगळे मिळून अकरा वेळा गेलो असू. बाकीच्या वर्षी नुसतेच पैसे भरले.

आता मुलगा सिअ‍ॅटलला, मुलगी बॉस्टनला. दोघांनीही ‘आम्हाला नको’ म्हणून हात जोडलेत. तीन वर्षांपूर्वी ‘जाहिरात करून विकून देतो’ म्हणणाऱ्या एका कंपनीला ८९९ डॉलर दिले. एक फोन आला नाही. मग मुलीने ईबेवर एक डॉलरला लावलं. एकाने चौकशी केली, मेंटेनन्सचा आकडा ऐकला आणि गुप्त झाला. गेल्या महिन्यात मात्र फोन आला, की मेक्सिकोतलं एक श्रीमंत गिऱ्हाईक २२,००० डॉलर द्यायला तयार आहे, फक्त आधी २,९०० डॉलर कर भरा. आमच्या ह्यांचे डोळे चमकले!

माझ्या मनात येतं, मंडळाला देऊन टाकावं, गणपतीत रॅफल काढतील. नाहीतर नणंदेचा मुलगा नुकताच डॅलसला आलाय, त्याला द्यावं. हे म्हणतात, मालमत्ता आहे, असू दे, आपल्यामागे मुलांना मिळेल. मैत्रीण म्हणते, बिलच भरू नकोस, काय करतात बघू. काय करू?

– वैतागलेली, एडिसन

*

प्रिय वैतागलेल्या वहिनी,

सगळ्यात आधी त्या मेक्सिकोवाल्याचं. पैसे पाठवले नसतील तर पाठवू नका, आणि पुन्हा फोन आला तर बोलत बसू नका, ठेवून द्या. तुमच्या पत्राची तारीख पाहून मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली ती याच एका वाक्यासाठी. जी वस्तू ईबेवर एक डॉलरला गेली नाही, तिला २२,००० देणारा माणूस या पृथ्वीवर नाही. तो फोन आला कसा, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल. त्याला तुमचं नाव, रिसॉर्ट, कदाचित आठवड्याचा नंबरही ठाऊक असणार. त्यात जादू काही नाही. तुमचं डीड, म्हणजे मालकीचा दस्त, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरी नोंदलेलं आहे आणि ते दप्तर कुणीही घरबसल्या पाहू शकतं.

हे भुरटे चोर असतात असंही समजू नका. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने मेक्सिकोतल्या प्वेर्तो व्हायार्ता भागातल्या आठ कंपन्यांवर निर्बंध घातले ते टाइमशेअरच्या फसवणुकीसाठीच, आणि त्यांच्यामागे हलिस्कोची ड्रग्जवाली टोळी असल्याचं जाहीर केलं. २०२४ च्या जुलैमध्ये याच खात्याने एफबीआयबरोबर जी सूचना काढली तिच्यात आकडा आहे: २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकन लोकांनी मेक्सिकोतल्या टाइमशेअर फसवणुकीत जवळजवळ ३० कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी केल्या. या भामट्यांचं नेहमीचं सावज म्हणजे मेक्सिकोत टाइमशेअर असलेले लोक. पण हीच गोष्ट फ्लोरिडावाल्यांनाही सांगितली जाते. आधी ‘कर’, मग ‘सरकारी मंजुरी’, मग ‘पैसे सीमेवर अडकलेत’, आणि सगळं संपल्यावर एक वकील फोन करतो: तुमचे बुडालेले पैसे मी काढून देतो, माझी फी आधी भरा. तोही त्यांचाच. यजमानांनी तुमच्या नकळत काही पाठवलं असेल तर आजच बँकेला फोन करा आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्राकडे नोंद करा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारलंय, हे कुणाला द्यावं. मला वाटतं, गाडं तिथेच अडलंय. तुम्ही अजूनही त्याकडे वस्तू म्हणून बघता आहात: नको झालेला सोफा, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल. सोफा कुणी फुकट दिला तर घेणाऱ्याला दरवर्षी १,४८० डॉलर भरावे लागत नाहीत. तुमच्याकडे जे आहे ते देणं आहे, आणि त्याच्याबरोबर एक आठवडा राहायला मिळतं. देणं फुकट दिलं तरी कोण घेईल?

थोडा हिशोब केला. ६४० चे १,४८० व्हायला अठरा वर्षं, म्हणजे दरसाल पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वाढ. याच वेगाने बिल वाढत गेलं तर पुढच्या वीस वर्षांत तुम्ही साधारण ५०,००० डॉलर भराल आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी बिल पावणेचार हजारांना टेकलेलं असेल. चक्रीवादळाने छप्पर उडालं, पोहण्याच्या तलावाला तडे गेले, लिफ्ट बदलायची ठरली, तर खास वर्गणी वेगळी. हे यजमानांना कागदावर लिहून दाखवा. बोलून उपयोग नाही, आकडा डोळ्यांसमोर असला पाहिजे. मग त्याच रिसॉर्टमधली तीच दोन बेडरूमची जागा, त्याच आठवड्यासाठी, प्रवासाच्या संकेतस्थळांवर भाड्याने केवढ्याला मिळते ते दोघांनी मिळून पाहा. मी दोन मैत्रिणींसाठी हा उद्योग केलाय. दोन्ही वेळा भाडं मेंटेनन्सपेक्षा कमी निघालं. मालक नसलेला माणूस मालकापेक्षा स्वस्तात राहून येतो, हवं तेव्हा, नको तेव्हा नाही.

मग १७,५०० गेले कुठे? त्याचा मोठा हिस्सा त्या दिवशीच खर्च झाला होता. लॉबीतली गोड मुलगी, नाश्ता, चार तिकिटं, टेबलावरचा विक्रेता, मग ‘माझ्या साहेबांना विचारून येतो’ म्हणून आणलेला दुसरा, त्या सगळ्यांचं कमिशन. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. पूर्वी वाटायचं, ही खास अमेरिकन लबाडी असेल. पण कल्पना मूळची युरोपातली, १९६० च्या दशकात फ्रेंच आल्प्समधल्या स्कीइंगच्या गावात वाढलेली. अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, ती १९७० च्या दशकात आली आणि न विकले जाणारे फ्लॅट बिल्डरांनी बावन्न तुकडे करून विकायला घेतले. एक फ्लॅट एका माणसाला विकण्यापेक्षा बावन्न जणांना विकला तर बेरीज कितीतरी मोठी होते, हे गणित कुणाच्याही लक्षात येईल. अडचण इतकीच की परत विकताना तुमच्याकडे नाश्ता नसतो, तिकिटं नसतात, आणि समोरचा साडेचार तास बसत नाही.

(अपवाद आहेत. डिझ्नीचे स्वतःचे पॉइंट (ठरलेल्या आठवड्याऐवजी पॉइंट घ्यायचे आणि ते खर्चून राहायचं) आजही दुसऱ्या हाताने चांगल्या किमतीला विकले जातात, आणि त्यांच्या कराराला शेवटही असतो. जुन्या काही रिसॉर्टांची मुदत २०४२ मध्ये संपते. तुमचं ते नाही. ओरलँडोत डिझ्नीच्या दारात असलेलं प्रत्येक रिसॉर्ट डिझ्नीचं नसतं, हे आपल्याला बऱ्याचदा कर्ज फिटल्यावर कळतं.)

मी शहाणपणा शिकवतेय असं वाटू देऊ नका. १९९६ साली आम्हीही पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनोज डोंगरांत असाच एक आठवडा घेतला होता, सुऱ्यांचा सेट आणि छोटा टीव्ही यांच्या मोहाने. टीव्ही कधीच गेला. सुऱ्यांपैकी एक अजून कांदा चिरायला आहे आणि ती माझ्या घरातली सगळ्यात महाग सुरी आहे. त्या आठवड्यातून सुटायला मला चौदा महिने लागले, आणि त्यातले निम्मे महिने आमच्या घरातल्या घरात वाया गेले. ‘एवढे पैसे घातले, आता फुकट कसं द्यायचं?’ हे वाक्य आमच्याकडेही होतं. म्हणून तुमच्या यजमानांबद्दल मला रागही येत नाही. त्या खोलीत सही करताना त्यांना वाटलं होतं की बायकामुलांसाठी कायमची सुट्टी विकत घेतली. ते चुकलं असं म्हणायला कुणालाही जड जातं. त्यांना ‘तुम्ही फसलात’ असं म्हणू नका. अकरा सुट्ट्या झाल्या, मुलांनी तलावात उड्या मारल्या, फोटो आहेत. ते पैसे त्याचे झाले असं म्हणा. आणि मग ५०,००० चा कागद पुढे सरकवा. हे मी नुसतं गोडीगुलाबीसाठी सांगत नाही. डीडवर बहुधा दोघांचीही नावं असतील. तसं असेल तर त्यांच्या सहीशिवाय तुम्हाला सुटता येणार नाही.

‘मुलांना मिळेल’ याचं काय, तर मिळेल खरंच, आणि तेच वाईट आहे. तुमच्याकडे डीड असलेला, कायमचा हक्क आहे. भारतात जे सुट्ट्यांच्या क्लबचं सदस्यत्व विकतात त्याला २५ वर्षांची वगैरे मुदत तरी असते. तुमच्या डीडला शेवटच नाही. तुमच्या पश्चात ते वारसाहक्कात जातं आणि पाठोपाठ बिल. मुलांना नाकारता येतं, वारसाहक्क रीतसर लेखी सोडून देण्याची तरतूद आहे. केंद्रीय करकायद्यासाठी त्याची मुदत मृत्यूनंतर नऊ महिन्यांची. पण त्याआधी एकदा जरी त्या आठवड्यात जाऊन राहिले किंवा तो भाड्याने दिला, तर ‘स्वीकारलं’ असं ठरू शकतं. आईवडील गेल्याच्या वर्षात मुलांनी हा कागदांचा खेळ खेळावा अशी तुमच्या ह्यांची इच्छा असणार नाही. आणि कुणीही कितीही सुचवलं तरी ‘सोयीसाठी’ आत्ताच मुलांची नावं डीडवर घालू नका. रिसॉर्टवालेच हे सुचवतात, हसतहसत, ‘पुढच्या पिढीला भेट’ म्हणून. एकदा नाव चढलं की नाकारायची वाटही बंद.

डॅलसच्या भाच्याबद्दल मी फार लिहीत नाही. पोरगा नवीन आलाय, एच-वन-बीवर असेल, क्रेडिट अजून बाळसं धरतंय. मामीने प्रेमाने दिलेली गोष्ट तो नाही म्हणू शकणार नाही. दोन वर्षांनी बिल थकेल, त्याच्या क्रेडिटवर डाग पडेल आणि नणंदेशी बोलणं बंद होईल. नको.

मंडळाची कल्पना मात्र अर्धी चांगली आहे. एका वर्षाचा आठवडा, म्हणजे फक्त राहायचा हक्क, रॅफलमध्ये बक्षीस म्हणून जरूर द्या. रिसॉर्टकडून पाहुण्याच्या नावाचं प्रमाणपत्र घ्यावं लागेल, त्याची थोडी फी असते. आणि असं बक्षीस चालतं का ते त्यांच्या नियमांत आधी बघा. मंडळ करमुक्त संस्था असलं तरी त्याची करसवलत तुम्हाला मिळणार नाही. नुसता वापरायचा हक्क दान केला तर आयआरएस, म्हणजे इथलं करखातं, वजावट देत नाही. पण डीड मंडळाच्या गळ्यात घालू नका. पुढच्या वर्षीची कार्यकारिणी वेगळी असते, खजिनदार बदलतो, आणि ढोलताशाच्या पैशांतून ओरलँडोचा मेंटेनन्स कोण भरणार? ज्या संस्था ‘टाइमशेअर दान करा, भरघोस करसवलत मिळवा’ अशी जाहिरात करतात त्यांच्यापासूनही लांब राहा. अशाच एका संस्थेच्या चालकावर फुगवलेल्या मूल्यांकनांसाठी केंद्र सरकारने खटला भरला आणि त्याला ८० लाख डॉलरहून जास्त दंड झाला. एक डॉलरला न जाणाऱ्या वस्तूचं मूल्य करपत्रकात काही हजार दाखवलं तर प्रश्न तुम्हाला विचारले जातील. तोट्याची वजावट मिळेल का असंही मनात आलं असेल. नाही मिळत. स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या मालमत्तेच्या विक्रीतला तोटा कायदा मोजत नाही.

मग घेणार कोण? ज्याने विकलं त्यानेच. तुमच्या आठवड्याचा खरा उपयोग करू शकणारा जगात एकच पक्ष आहे, तो म्हणजे रिसॉर्ट, कारण उद्या सकाळच्या नाश्त्याला आलेल्या नव्या जोडप्याला ते तो पुन्हा विकू शकतं. याला डीड-बॅक म्हणतात, कुठे सरेंडर, कुठे एक्झिट प्रोग्राम. पूर्वी कंपन्या यासाठी दारातही उभं करत नसत. गेल्या काही वर्षांत मोठ्या बऱ्याच जणांनी असा कार्यक्रम सुरू केलाय, फक्त त्याची जाहिरात करत नाहीत. विचारणाऱ्यालाच सांगतात, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारल्यावर. अटी साधारण दोन असतात: कर्ज पूर्ण फिटलेलं आणि मेंटेनन्स थकलेला नाही. तुम्ही दोन्हींत बसता. म्हणूनच मैत्रिणीचा ‘भरू नकोस’ हा सल्ला आत्ता ऐकू नका; थकबाकी झाली की हे दार बंद होतं.

फोन करताना विक्री विभागाला करू नका. बिलावर जो मालकसेवेचा किंवा असोसिएशनचा नंबर असतो तो लावा. काम सोपं ठेवा: ‘कर्ज नाही, थकबाकी नाही, आम्हाला डीड परत द्यायचं आहे, तुमची प्रक्रिया काय, फी किती?’ एवढंच. कारणं सांगू नका. कारण सांगितलं की त्यावर उपाय विकतात. समोरची व्यक्ती म्हणेल की असं काही नसतं. नाव आणि तारीख लिहून घ्या, आठवड्याने पुन्हा करा. म्हणेल की पुढच्या वेळी रिसॉर्टला याल तेव्हा ‘ओनर अपडेट’ मीटिंगला बसा, तिथे बोलू. त्या मीटिंगला जाऊ नका! माझ्या ओळखीचं एक जोडपं एक आठवडा परत द्यायला गेलं आणि १२,००० डॉलरचे पॉइंट घेऊन परत आलं, ‘पॉइंटमध्ये बदललं की परत देणं सोपं जातं’ म्हणून. फोनवर तीनदा नकार आला तर असोसिएशनच्या संचालक मंडळाच्या नावाने कागदी पत्र टाका, पोचपावतीच्या टपालाने. वर्षाचं बिल बहुतेक ठिकाणी शरद ऋतूत निघतं आणि जानेवारीत भरायचं असतं, म्हणून हे सगळं ऑगस्टच्या आसपास सुरू केलेलं बरं.

त्याआधी एक संध्याकाळ कागदांना द्या. जुन्या फाइलीतून डीड काढा. रिसॉर्ट ओरलँडो शहराच्या बाजूला असेल तर ते ऑरेंज काउंटीत, किसिमीकडे असेल तर ऑसिओला काउंटीत नोंदलेलं असेल. दोन्हींची दप्तरं ऑनलाइन शोधता येतात. नावं कशी लिहिली आहेत ते अक्षर न् अक्षर बघा. आपल्याकडे हे लचांड असतं. २००७ च्या डीडवर मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, मग नागरिकत्वाच्या वेळी ते गाळलेलं, बाईचं माहेरचं आडनाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. आमचे चौदा महिने लांबले त्यातले तीन या एका ‘राव’मुळे गेले, माझ्या नवऱ्याच्या वडिलांच्या नावातला तो राव डीडवर होता आणि ड्रायव्हर्स लायसन्सवर नव्हता.

रिसॉर्टने हजार-दीड हजार डॉलर फी मागितली तर? मी दिली असती. एका वर्षाच्या मेंटेनन्सएवढे पैसे देऊन कायमचं सुटता येत असेल तर ते तुम्हाला मिळणारं सगळ्यात स्वस्त तिकीट आहे. फक्त पैसे रिसॉर्टलाच द्या, आणि लेखी कागद हातात आल्यावर.

सपशेल नकार आला तर मग मालकांच्या संकेतस्थळांवरच्या ‘फुकट’ यादीत घाला, पण खरं लिहून: मेंटेनन्स किती, आठवडा कोणता, आणि ‘हस्तांतराचा सगळा खर्च आमचा, पुढच्या वर्षीचं बिलही आम्ही भरलंय’. तुमच्या ईबेच्या जाहिरातीत हे नव्हतं. ज्याला शाळेच्या सुट्टीतला आठवडाच हवाय, असा माणूस क्वचित सापडतो, आणि तुमचा आठवडा नाताळाजवळचा असेल तर शक्यता थोडी जास्त. सापडला तर काम स्वतः करू नका. टाइमशेअरचं हस्तांतर करणारी परवानाधारक क्लोजिंग कंपनी काही शे डॉलरमध्ये करते. रिसॉर्टकडून थकबाकी नसल्याचं पत्र आणतात, त्यांना खरेदीचा पहिला हक्क असेल तर तो सोडल्याचं लिहून घेतात, नवं डीड काउंटीत नोंदवतात. आणि नोंद झाली म्हणजे संपलं असं नाही. रिसॉर्टच्या स्वतःच्या वहीत नाव बदललं का ते विचारा. ते राहून गेलं तर बिल तुम्हालाच येत राहतं.

ज्या ‘एक्झिट’ कंपन्या रेडिओवर जाहिरात करतात, ‘पैसे परत’ची हमी देतात, आधी चार-पाच हजार घेतात आणि ‘रिसॉर्टशी बोलू नका, बिल भरू नका’ असं सांगतात, त्यांच्या धंद्यातल्या काही जणांविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकांची फसवणूक बघणारी केंद्रीय संस्था) आणि विस्कॉन्सिन राज्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये दावा लावला. आरोप असा की मुख्यतः वयस्कर लोकांकडून नऊ कोटी डॉलरहून जास्त लुबाडले. दुसरा एक प्रकार आहे, त्याला या धंद्यात ‘व्हायकिंग शिप’ म्हणतात: तुमच्याकडून पैसे घेऊन डीड एखाद्या नावापुरत्या कंपनीच्या नावावर करतात आणि ते जहाज बुडवतात. रिसॉर्टने ते हस्तांतर मानलं नाही तर तुम्ही पुन्हा पाण्यात. ८९९ डॉलर घेणारी तुमची कंपनी या सगळ्यांची धाकटी बहीण. तीन वर्षांनी क्रेडिट कार्डावरून पैसे परत मिळणं अवघड आहे, पण फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि फ्लोरिडाच्या ग्राहकसेवा विभागाकडे तक्रार नोंदवा. दहा मिनिटांचं काम आहे.

राहिला मैत्रिणीचा मार्ग. तो शेवटचा, पण आहे. बिल न भरल्यास व्याज लागतं, वसुलीवाले फोन करतात, क्रेडिटवर डाग पडतो आणि शेवटी रिसॉर्ट जप्ती करतं. कर्ज फिटलेल्या टाइमशेअरवर मेंटेनन्सच्या थकबाकीसाठी फ्लोरिडात कोर्टाबाहेरची जप्ती चालते. त्या प्रक्रियेला मालकाने हरकत घेतली नाही, तर उरलेली रक्कम त्याच्याकडून वसूल करता येत नाही. माफ झालेल्या रकमेचा १०९९-सी (इतकं देणं माफ केलं असं करखात्याला कळवणारा फॉर्म) आला तर तो उत्पन्नात मोजावा लागू शकतो. तुम्हाला आता नवं घर किंवा गाडी कर्जाने घ्यायची नसेल, आणि रिसॉर्टने सगळे दरवाजे लावले असतील, तर हा मार्ग अविचाराचा नाही. पण तो ठरवण्याआधी फ्लोरिडात वकिली करणाऱ्या वकिलाशी तासभर बोला, तासाची फी देऊन. रिसॉर्ट उगाच छळत असेल, विचारलेली माहितीच देत नसेल, तर फ्लोरिडाच्या व्यवसाय नियमन खात्यात टाइमशेअरचं काम बघणारा विभाग आहे, तिथे तक्रार करता येते.

एक अवांतर, तुमच्यासाठी उशीर झालाय, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी. फ्लोरिडात सही केल्यापासून, किंवा सगळी कागदपत्रं मिळाल्यापासून, जे नंतर असेल तिथून दहा दिवसांत लेखी पत्र टाकून करार रद्द करता येतो. कारण द्यावं लागत नाही. कुणी गेल्या आठवड्यात ओरलँडोहून परतला असेल तर त्याने हा मजकूर इथेच सोडून टपाल कार्यालय गाठावं.

यंदाचं बिल तुम्ही भरलेलंच आहे. काही कार्यक्रमांत परत देताना चालू वर्षाचा आठवडा न वापरलेला असावा लागतो, तेव्हा आधी फोन, मग बुकिंग. तशी अट नसेल तर या थंडीत दोघंच जाऊन या, मुलांशिवाय, एडिसनला बर्फ उपसण्यापेक्षा बरं. चेक-इन करताना काउंटरवर एक गोड मुलगी विचारेल, उद्या सकाळी नाश्त्याला येणार का? पोहे आणि चहाचं सामान घरून न्या.

तुमची,
ताई